राखेवर पाणी मारण्याआधी नमुना काढा

भोसरी, चाकण, रांजणगावच्या बॉयलरवाल्यांसाठी आणि राखेच्या विटा पाडणाऱ्यांसाठी

कोळशातले आणि राखेतले पाण्यात विरघळणारे क्षार, म्हणजे क्लोराइड, सल्फेट, सोडियम, पोटॅशियम, किती आहेत ते आम्ही आमच्या प्रयोगशाळेत मोजून देतो. बॉयलरच्या ट्यूबवर चिकट थर का धरतो, विटांना लोणा का लागतो, याचा माग बऱ्याचदा इथेच लागतो. पण नमुन्याच्या येणाऱ्या पिशव्यांमध्ये ओल्या राखेच्या पिशव्या फार असतात, आणि तिथेच सगळ्यांचा वेळ जातो.

धूळ उडू नये म्हणून राखेवर बोअरचं पाणी मारतात, ते बरोबरच आहे. पण नमुना त्यानंतर काढला तर चाचणीला अर्थ उरत नाही. ‘वाळवून पाठवली आहे’ असं सांगतात. वाळवल्यावर पाणी उडतं, क्षार मागे राहतात. हिशोब बघा: किलोभर कोरड्या राखेत 200 मिली पाणी मुरलं आणि त्या पाण्यात लिटरमागे 250 मिलिग्रॅम क्लोराइड असलं, तर राखेत 50 मिलिग्रॅम क्लोराइड बाहेरून आलं. उलट पाणी ढिगातून वाहून गेलं असेल तर राखेतलंच क्लोराइड धुऊन गेलं. आकडा वर चुकला की खाली, हे प्रयोगशाळेत कळायला मार्ग नाही. म्हणून असा नमुना आम्ही परत करतो. काहींना राग येतो, पण खोटा आकडा देण्यापेक्षा ते बरं.

नमुना हॉपरखालून (बॉयलरची राख जमते त्या नरसाळ्याखालून), कोरडा, थोड्या थोड्या वेळाने काढून एकत्र करा. किलोभर द्या. आम्ही वापरतो थोडीच ग्रॅम, पण ती सगळ्या राखेची असायला हवीत. खताच्या किंवा मिठाच्या जुन्या गोणीत अजिबात नको. झाकणाचे स्वच्छ डबे आमच्याकडून न्या, त्याचे पैसे घेत नाही.

‘रिपोर्ट उद्याच का नाही?’ राख एकास दहा या प्रमाणात शुद्ध पाण्यात 24 तास हलवावी लागते, मग 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून आयन क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे विरघळलेले क्षार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, लावतो. सोबत नुसत्या पाण्याची बाटलीही त्याच वाटेने जाते, म्हणजे आमच्या भांड्यांतून काही मिसळलं का ते दिसतं. जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचं सल्फेट, लिटरला सुमारे अडीच ग्रॅमच विरघळतं, त्यामुळे सल्फेट जास्त निघालं तर जास्त पाणी घेऊन पुन्हा काढतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

कोळसा आम्ही 212 मायक्रॉनपर्यंत दळतो. तो पाण्यावर तरंगतो, म्हणून आधी थेंबभर अल्कोहोलने भिजवावा लागतो. ‘कोळसा देतो, तुम्हीच जाळून राख करा’ असं मात्र सांगू नका. 815 अंशांना जाळल्यावर क्लोरीन बहुतेक धुरातच जातं, शिवाय ती तुमच्या बॉयलरची राख नसते. कोळसा आणि हॉपरची राख एकाच पाळीत काढून दोन्ही द्या. जोडीने दिल्यास दर कमी लावतो.

राख भिजलेलीच असेल तर डब्यावर तसं लिहा. तिची ओल आणि न जळलेला कार्बन काढून देऊ, क्लोराइडचा आकडा देणार नाही.