जांभळं जाळं आणि निळी चकती

भाच्याने परवा घरच्या ग्रुपवर जांभळ्या जाळ्याचं एक चित्र टाकलं. खाली मथळा, 'दीर्घिका अशा बनतात'. पाठोपाठ निळसर चकतीचं दुसरं, मथळा तोच. दोन्ही महासंगणकावरची सिम्युलेशन, म्हणजे गणिताने घडवलेली विश्वाची प्रतिकृती, त्यामुळे एकाच माळेचे मणी वाटतात. पण जांभळ्या जाळ्यात दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे समूह, बनतच नाहीत.

ते जाळं २००५ च्या मिलेनियम सिम्युलेशनचं. सुमारे १,००० कोटी कण, सगळे कृष्णद्रव्याचे, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्याचे, आणि एकेक कण जवळपास अब्जभर सूर्यांच्या वजनाचा. त्यांना नियम एकच, गुरुत्वाकर्षण. वायू नाही, तारे नाहीत. कण एकमेकांना ओढतात, त्यांचे धागे होतात, धागे मिळतात तिथे गोळे साचतात. दीर्घिका त्या गोळ्यांत नंतर, वेगळी सूत्रं लावून बसवल्या.

चकती इलस्ट्रिस-टीएनजी घराण्यातली. इथे कृष्णद्रव्यासोबत वायूही असतो. तो निवतो, त्याचे तारे होतात, सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे स्फोट, उरलेला वायू उधळतात, मधलं कृष्णविवर त्याला हुसकावून लावतं.

पुराचंच घ्या ना. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं हे कळलं, की ते गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागणार की छातीला, हे जुना नाशिककर घरबसल्या सांगतो. पण नदीकाठच्या भांडीबाजारात कोण माल वेळेत माळ्यावर चढवेल आणि कुणाचं शटर वाकेल, ते त्या हिशेबात नसतंच. मिलेनियमचा हिशेब मारुतीपाशी थांबतो. टीएनजी बाजारात शिरतं.

शिरणं महागात पडतं. मिलेनियमला ५१२ प्रोसेसर आणि महिनाभर पुरला. टीएनजी घराण्यातल्या टीएनजी५० साठी जर्मनीत श्टुटगार्टच्या महासंगणकाचे १६,००० हून जास्त कोअर वर्षभराहून अधिक काळ राबले.

एवढं करूनही, त्याचंच भावंड असलेल्या टीएनजी१०० मधला ताऱ्यांचा एक कण म्हणजे दहा-चौदा लाख सूर्यांचं गाठोडं. एकटा सुपरनोव्हा त्यात दिसणार कसा? म्हणून त्याचे नियम हाताने लिहितात आणि खऱ्या आकाशाशी ताडून बसवतात. त्यामुळे 'हुबेहूब जुळलं' असं वाचलं, की मी आधी विचारतो, जुळलं की जुळवलं? लाल आणि निळ्या दीर्घिकांची वाटणी मात्र जुळवलेली नव्हती, तरी ती जुळली. मला खरं कौतुक त्याचं.

भाच्याला लिहिलं, पहिल्या चित्राखालचं 'दीर्घिका' खोड, 'कृष्णद्रव्य' लिही. त्याने अंगठा पाठवला. मथळा अजून तोच आहे.