काम पसंत, माणूस नापसंत

२१ जानेवारी १९९८ रोजी बिल क्लिंटन आणि व्हाइट हाउसमधली माजी इंटर्न मोनिका लुइन्स्की यांच्या संबंधांची बातमी अमेरिकी वर्तमानपत्रांत फुटली. त्याआधी गॅलप या जनमत पाहणी संस्थेने घेतलेल्या चाचणीत क्लिंटन यांच्या कामावर समाधानी असलेले लोक ६० टक्क्यांच्या आसपास होते. आता राजीनामा किती दिवसांत येतो, याचीच चर्चा वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली. महिना सरताना हा आकडा ६९ झाला होता. पुढे १९ डिसेंबरला प्रतिनिधिगृहाने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, खोटी साक्ष आणि न्यायात अडथळा या दोन आरोपांवर महाभियोग मंजूर केला. त्याच शनिवार-रविवारी घेतलेल्या चाचणीत ७३ टक्के आले. क्लिंटन यांच्या आठ वर्षांतला हा सर्वांत वरचा आकडा.

म्हणजे अमेरिकनांना नीतीची चाड नव्हती, असा अर्थ तेव्हा अनेकांनी काढला. तो आकड्यांत बसत नाही. त्याच वर्षी, बहुतेक वेळा त्याच चाचण्यांत, ‘हा माणूस प्रामाणिक आणि विश्वासू आहे का?’ असंही विचारलं जात होतं, आणि त्याला ‘हो’ म्हणणारे कमी कमी होत होते. एकच माणूस फोनवर दोन मिनिटांच्या अंतराने ‘काम चांगलं करतो’ आणि ‘विश्वास ठेवण्यासारखा नाही’ अशी दोन्ही उत्तरं देत होता, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नव्हतं.

गॅलपचा मूळ प्रश्न १९४० च्या दशकापासून जवळजवळ त्याच शब्दांत विचारला जातो: राष्ट्राध्यक्ष म्हणून अमुक ज्या पद्धतीने आपलं काम हाताळत आहेत, ते तुम्हाला पसंत आहे की नापसंत? यात ‘राष्ट्राध्यक्ष म्हणून’ आणि ‘काम’ हे शब्द आहेत. चारित्र्य कुठेच नाही. ज्याचं उत्तर मागितलं तेच लोकांनी दिलं. बातम्या देणाऱ्यांनी मात्र हा आकडा लोकप्रियता म्हणून छापला.

राज्यशास्त्रज्ञ जॉन झॅलर यांनी त्याच वर्षी या पहिल्या काही दिवसांचा अभ्यास मांडला. सुरुवातीला बातम्यांचा सूर पूर्ण विरोधी होता, तेव्हा पाठिंबा थोडा घसरला. २६ जानेवारीला क्लिंटन यांनी ठाम इन्कार केला, दुसऱ्या दिवशी काँग्रेससमोर (अमेरिकी संसदेसमोर) देशाच्या स्थितीवरचं वार्षिक भाषण केलं आणि आकडा उलटा फिरला. झॅलर यांच्या मते माध्यमांचा गदारोळ आला-गेला, टिकली ती शांतता, सुबत्ता आणि मध्यममार्गी धोरणं. १९९८ मध्ये बेकारी साडेचार टक्क्यांच्या आसपास होती आणि केंद्रीय अंदाजपत्रकात १९६९ नंतर पहिल्यांदाच शिल्लक दिसली होती. अर्थव्यवस्था गाळात असताना हेच प्रकरण निघालं असतं तर काय झालं असतं, हे एका घटनेवरून कळत नाही. म्हणूनच पुढे प्रयोगांची गरज पडली.

आवडत्या माणसाचं गैरवर्तन समोर आलं की मन काय करतं, यावर भट्टाचार्जी, बर्मन आणि रीड या तिघांनी २०१३ मध्ये एक उपयोगी विभागणी केली. एक वाट सारवासारवीची: ‘त्यात एवढं काय, सगळेच करतात.’ दुसरी वाट वेगळं काढण्याची: ‘वागला ते वाईटच, पण त्याचा कामाशी संबंध नाही.’ तिसरी, दोन्ही एकत्र बांधण्याची: ‘जो बायकोशी खोटं बोलतो, तो देशाशीही बोलेल.’ वरवर पाहता पहिल्या दोन्ही वाटा पाठिंब्याकडेच जातात, तरी त्यांची किंमत वेगळी आहे. सारवासारव करणाऱ्याला चूक चूक नाही असं म्हणावं लागतं, आणि ते स्वतःलाच खटकतं. वेगळं काढणाऱ्याला निषेध शाबूत ठेवता येतो. प्रयोगांतही वेगळं काढणं लोकांना जास्त सोपं आणि कमी आक्षेपार्ह वाटलं. १९९८ चे आकडे वाचताना ही दुसरी वाट डोळ्यांसमोर ठेवली की गुंता बराच सुटतो.

पण ही वाट सगळीकडे उघडी नसते. गैरवर्तन कामाच्या जितकं जवळ, तितकं ते वेगळं काढणं अवघड. खेळाडूचं लग्नाबाहेरचं प्रकरण बाजूला ठेवता येतं, उत्तेजक द्रव्य घेतलेलं ठेवता येत नाही, कारण विक्रमच त्यावर उभा असतो. राजकारणातही हेच दिसतं. डोहर्टी, डाउलिंग आणि मिलर यांनी २०११ मध्ये काल्पनिक नेत्यांची वर्णनं लोकांना वाचायला दिली: कुणी कर चुकवलेला, कुणी विवाहबाह्य संबंध ठेवलेला, आणि दोन्ही प्रकारांत काहींनी त्यासाठी पदाचा गैरवापर केलेला. पैशाच्या प्रकरणाने कामाविषयीचं मत जास्त खराब झालं, तर संबंधांच्या प्रकरणाने माणसाविषयीचं. पदाचा गैरवापर जोडला की दोन्हीकडची नाराजी वाढली. ब्रिटनचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्यूमो ५ जून १९६३ ला गेले, ते संबंध उघड झाले एवढ्याने नव्हे. मार्चमध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये उभं राहून ते खोटं बोलले होते. सभागृहाशी खोटं बोलणं हे मंत्र्याच्या कामातलंच खोटं ठरतं.

देशागणिक उंबरठा बदलतो. प्यू संस्थेच्या २०१३ च्या पाहणीत विवाहबाह्य संबंध नैतिकदृष्ट्या अमान्य म्हणणारे अमेरिकेत ८४ टक्के होते, फ्रान्समध्ये ४७. तरीही ७३ टक्के पसंती मिळाली ती अमेरिकेत. संबंध चूक मानणं आणि त्यासाठी पद काढून घेणं यांत किती अंतर असू शकतं, हे यावरून दिसतं.

लोकांना अपराधापेक्षा जास्त चीड येते ती ढोंगाची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण राग नेमका कशाचा, हे जॉर्डन, सोमर्स, ब्लूम आणि रँड यांनी २०१७ मध्ये तपासलं. उक्ती आणि कृती जुळत नाहीत, एवढंच कारण असतं तर ‘हे वाईट आहे, पण माझ्याकडूनही कधी कधी होतं’ असं सांगणाराही तितकाच झोडपला गेला असता. तसं झालं नाही. लोकांना टोचत होता तो खोटा इशारा. दुसऱ्याला नावं ठेवून माणूस ‘मी तसा नाही’ असं न सांगता सांगतो, आणि सरळ थाप मारण्यापेक्षा हा मार्ग लोकांना अधिक फसवा वाटतो. क्लिंटन यांच्यावर महाभियोगाचं मतदान झालं त्याच दिवशी प्रतिनिधिगृहाचे नियोजित सभापती, क्लिंटन यांच्या विरोधातल्या रिपब्लिकन पक्षाचे बॉब लिव्हिंगस्टन यांनी भर सभागृहात पद सोडत असल्याचं जाहीर केलं. त्यांचीही प्रकरणं बाहेर आली होती. फिर्यादीच्या बाजूला असताना हे ओझं पेलणं कठीण जातं.

आता पक्षनिष्ठा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे मोजून दाखवणारं सर्वांत झणझणीत उदाहरण अमेरिकेतल्या पीआरआरआय या संस्थेचं आहे. प्रश्न असा होता: खासगी आयुष्यात अनैतिक कृत्य केलेला लोकप्रतिनिधी सार्वजनिक जीवनात नीतीने वागून आपली कर्तव्यं पार पाडू शकतो का? २०११ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांपैकी, म्हणजे बहुतांशी रिपब्लिकन पक्षामागे असलेल्या कट्टर धार्मिक ख्रिस्ती गटापैकी, ३० टक्के ‘हो’ म्हणाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ७२. सगळ्या अमेरिकनांचा आकडा ४४ वरून ६१ झाला. या प्रश्नात नेत्याचं नाव नाही, पक्ष नाही. तो तत्त्वच विचारतो. पण दरम्यान डोनाल्ड ट्रम्प रिपब्लिकन उमेदवार झाले होते, आणि स्त्रियांबद्दलच्या त्यांच्या बोलण्याची जुनी चित्रफीत ७ ऑक्टोबरला बाहेर आली होती. तत्त्वावरून नेता निवडावा अशी आपली समजूत असते. इथे नेत्यावरून तत्त्व ठरल्यासारखं दिसतं. एक सावधगिरी मात्र हवी. दोन्ही वर्षी विचारलेली माणसं वेगळी होती. तीच माणसं बदलली की स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवणारा समूहच थोडा बदलला, हे अशा पाहणीतून निवडून काढता येत नाही. अर्थात ४२ टक्क्यांची उडी केवळ दुसऱ्या कारणाने समजावून सांगणं अवघडच.

इथवर आकडे खरे धरून चाललो. पण नेत्याच्या चारित्र्याविषयी विचारणं हे मोजमापातलं फार निसरडं काम आहे, आणि त्याचा उत्तम दाखला क्लिंटन-लुइन्स्की प्रकरणाच्या चारच महिने आधीचा आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये गॅलपने १,००२ जणांना क्लिंटन आणि उपराष्ट्राध्यक्ष अल गोर प्रामाणिक, विश्वासू आहेत का, असं विचारलं. साधारण निम्म्यांना आधी क्लिंटनबद्दल, उरलेल्यांना आधी गोरबद्दल. पहिल्या स्थानी विचारलं तेव्हा क्लिंटन यांना ५० टक्के मिळाले आणि गोर यांना ६८. दुसऱ्या स्थानी क्लिंटन ५७, गोर ६०. म्हणजे १८ टक्क्यांचं अंतर फक्त क्रम बदलल्याने ३ वर आलं. आधीच्या नावाची छाया पुढच्यावर पडली, एकाला वर ओढलं, दुसऱ्याला खाली. हा योगायोग नसेल कशावरून? प्रत्येक गटात सुमारे ५०० माणसं धरली, तर दोन गटांतल्या फरकाची त्रुटी-मर्यादा, म्हणजे नुसत्या योगायोगाने येऊ शकेल एवढा फरक, साधारण ६ टक्के येते. इथले फरक ७ आणि ८ आहेत, मर्यादेच्या थोडेच बाहेर. प्रकरणानंतर ‘विश्वास पाच टक्क्यांनी घसरला’ अशी बातमी दिसली, तर दोन्ही चाचण्यांत त्या प्रश्नाच्या आधी काय विचारलं होतं, हे आधी पाहावं.

दुसरी खोट लाजेची. ‘नेत्याच्या भानगडीमुळे तुमचं मत बदलेल का?’ असं तोंडावर विचारलं की लोक सभ्य उत्तर देतात. त्यावर यादीची युक्ती वापरतात. नमुन्याचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग करायचे. पहिल्या गटाला तीन साधी विधानं द्यायची, दुसऱ्याला तीच तीन आणि चौथं नाजूक विधान: ‘नेत्याच्या लग्नाबाहेरच्या संबंधांची मला पर्वा नाही.’ कोणती विधानं पटतात हे विचारायचंच नाही, किती पटतात एवढंच विचारायचं. समजा पहिल्या गटाची सरासरी १.९ आली आणि दुसऱ्याची २.२, तर फरक ०.३, म्हणजे सुमारे ३० टक्क्यांना ते चौथं विधान मान्य. कुणाचंही वैयक्तिक उत्तर उघड होत नाही. या गुप्ततेची किंमत मोजावी लागते ती अचूकतेत. प्रत्येक गटात ५०० माणसं आणि उत्तरांचा पसारा नेहमीइतका धरला, तर त्रुटी ११ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे खरं उत्तर १९ ते ४१ मध्ये कुठेही. शिवाय तिन्ही साधी विधानं सगळ्यांना पटणारी निवडली तर चार म्हणणारा लगेच ओळखू येतो आणि युक्ती फसते. म्हणून त्यांतलं एक जवळपास सर्वांना पटणारं, एक जवळपास कुणालाच न पटणारं ठेवतात.

काल्पनिक नेत्यांची वर्णनं वापरणाऱ्या प्रयोगांतही ठरावीक चुका होतात. वर्णनात पक्ष लिहिला नाही तर वाचणारा तो मनाने भरतो, आणि आपण काय मोजलं तेच कळेनासं होतं. प्रत्येक वर्णनाला २५० माणसं मिळाली तर दोन वर्णनांतला ८-९ टक्क्यांहून लहान फरक दिसतच नाही. आणि कागदावरच्या नेत्याला मागचं काम नसतं, उत्तर देणाऱ्याने त्याला कधी मत दिलेलं नसतं. वेगळं काढायला हाताशी काही नसल्यामुळे त्याला शिक्षा कडक होते. प्रयोगात बुडालेला नेता निवडणुकीत तरतो, याचं एक मोठं कारण हे.

उत्तर कोण देतो, हेही बघावं लागतं. नेता अडचणीत असला की त्याचे समर्थक सर्वेक्षणाचा फोन घेण्याचं टाळतात, तो सावरला की आनंदाने बोलतात. २०१२ च्या अमेरिकी निवडणुकीत पहिल्या वादसभेनंतर ओबामांचा पाठिंबा कोसळल्यासारखा दिसला. गेलमन आणि सहकाऱ्यांनी तेच तेच प्रतिसादक पुन्हा पुन्हा विचारून दाखवलं, की त्यातला बराचसा भाग मतं बदलल्याचा नव्हता, उत्तर देणारे बदलल्याचा होता. एखाद्या प्रकरणानंतरच्या पहिल्या आठवड्यातल्या चाचणीवर म्हणूनच फार विसंबू नये.

काळाचा परिणामही प्रकारानुसार बदलतो. डोहर्टी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तीच करचुकवेगिरी आणि तेच संबंध ‘अलीकडे’ आणि ‘वीस वर्षांपूर्वी’ अशा दोन रूपांत दाखवले. जुने संबंध लोकांनी बरेच माफ केले. जुनी करचुकवेगिरी तितकी सहज माफ झाली नाही.

क्लिंटन प्रकरण मात्र या कोष्टकात नीट बसत नाही. संबंध सुरू झाले १९९५ मध्ये. लुइन्स्की तेव्हा २२ वर्षांची इंटर्न होती, समोरचा माणूस तिच्या कार्यालयाचा आणि देशाचा प्रमुख. १९९८ मधली चर्चा प्रामुख्याने संबंध आणि खोटी साक्ष यांभोवती फिरली. अधिकारातल्या तफावतीला त्यात फारशी जागा नव्हती. २०१७ च्या ‘मी टू’ नंतर प्रकरणाकडे त्या बाजूने पाहिलं जाऊ लागलं, आणि २०१८ मध्ये लुइन्स्कीने स्वतः लिहिलं, की अशा परिस्थितीत संमतीला कितपत अर्थ उरतो याचा ती नव्याने विचार करते आहे. २०११ च्या प्रयोगाची भाषा वापरायची तर हे प्रकरण ‘संबंध’ या रकान्यातून ‘पदाचा गैरवापर’ या रकान्यात सरकतं, आणि त्या रकान्यात कामाविषयीचं मतही खाली येतं. १९९८ चे ७३ टक्के पहिल्या रकान्यातल्या प्रकरणाला मिळाले होते. दुसऱ्या रकान्यातला प्रश्न तेव्हा कुणी तशा शब्दांत मांडलाच नव्हता, त्यामुळे ‘लोकांना खासगी वर्तनाने फरक पडत नाही’ याचा पुरावा म्हणून हा आकडा वापरताना कोणतं वर्तन खासगी धरलं होतं, ते सोबत लिहावं लागतं.