थेटफर्डच्या फेरीला येण्याआधी एवढं वाचून या

पाइनच्या जंगलातून बराच वेळ चालल्यावर आम्ही थांबतो आणि म्हणतो, "हाच तो." समोर मातीचा बांध असतो. शेवाळलेला, मध्येच खचलेला, कुठे गुडघ्याएवढा तर कुठे जवळजवळ माणसाच्या उंचीचा. पाहुणे आधी बांधाकडे बघतात, मग आमच्याकडे. "एवढंच?" असं तोंडावर कुणी म्हणत नाही, पण ते कळतं. म्हणून हे पत्रक. आमची सहल कंपनी छोटी आहे, मोठे राजवाडे दाखवायला पुष्कळ जण आहेत. आम्ही हा बांध दाखवतो: मध्ययुगात ससे पाळण्यासाठी राखलेल्या रानाचा.

पूर्व इंग्लंडमध्ये नॉरफक आणि सफक या परगण्यांच्या सीमेवर ब्रेकलँड नावाचा वालुकामय, कोरडा पट्टा आहे. थेटफर्ड गाव त्यातच. पीक यथातथाच. अशा जमिनीतून उत्पन्न काढायचं कसं, याचं मध्ययुगातल्या मठांना आणि जमीनदारांना सापडलेलं उत्तर म्हणजे ससा. सशांसाठी राखून ठेवलेल्या रानाला इथे वॉरन म्हणतात. ब्रेकलँडमध्ये अशी वीसहून जास्त वॉरनं होती. लेकनहीथचं ईलीच्या मठाकडे, थेटफर्डचं तिथल्या क्लूनियाक या ख्रिस्ती साधूंच्या पंथाच्या मठाकडे.

इथे एक घोटाळा आधीच मिटवू. मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना 'ससा'च म्हणतो. सह्याद्रीत किंवा माळावर दिसतो तो रानससा बीळ खणत नाही, गवतात दबून बसतो, आणि त्याची पिल्लं उघड्या डोळ्यांनी, अंगावर केस घेऊनच जन्मतात. इथला ससा वेगळा. तो बिळात राहतो, पिल्लं आंधळी आणि उघडी जन्मतात. तो मूळचा इंग्लंडचाही नाही, स्पेन-पोर्तुगालकडचा. नॉर्मन राजवटीत, १२व्या शतकात तो इथे पाळीव म्हणून रुजला, आणि सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी लहान बेटांवर ठेवला गेला, कारण तिथून पळणार कुठे?

थंड, ओल्या हवेत हा पाहुणा सुरुवातीला नाजूकच होता. त्याला रान राखून द्यावं लागे, हिवाळ्यात चारा घालावा लागे. त्यामुळे तो महाग होता. १३व्या शतकात एका सशाची किंमत कोंबडीच्या चार-पाच पट असे. मांस मेजवानीला, कातडं अंगरख्याच्या अस्तराला. आता बांधाकडे परत बघा. ससे शेजारच्या शेतात जाऊ नयेत म्हणून गवताची ढेकळं रचून तो घातलेला आहे, आणि ससा असला बांध सहज चढतो म्हणून वर गॉर्सची काटेरी झुडपं लावत.

बांध सशांना आत ठेवायला, आणि गढी माणसांना बाहेर ठेवायला. थेटफर्ड वॉरन लॉज ही दुमजली, गारगोटीच्या दगडांची इमारत १४००च्या सुमारास, बहुधा मठाच्या प्रमुखानेच बांधवली. आपल्याकडच्या पाटलाच्या गढीची आठवण व्हावी अशी. जाड भिंती, अरुंद खिडक्या, आणि दाराच्या बरोबर वर एक भोक, आत घुसणाऱ्याच्या डोक्यावर काहीतरी टाकण्यासाठी. राखणदार वर राहायचा, खाली जाळी आणि मारलेले ससे. धरण्याची पद्धत अशी: फेरेट नावाच्या लांबट, पाळीव जनावराला तोंडाला मुसकं बांधून बिळात सोडायचं. मुसकं नसेल तर तो आतच ससा मारून, खाऊन झोपी जातो. घाबरलेला ससा दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो तो थेट जाळ्यात.

सशांसाठी गढी म्हणजे अतिच झालं, असं पाहुण्यांना वाटतं. पण चोर म्हणजे बऱ्याचदा आसपासचेच लोक. ज्यांच्या शेतात ससे चरून जात, त्यांना ते मारायचा हक्क नव्हता. १३८१च्या शेतकरी उठावात सेंट ऑल्बन्सच्या लोकांनी एक जिवंत ससा धरून गावातल्या शिक्षेच्या खांबाला बांधला: आता शिकार आमचीही. उठाव मोडला. १३९०च्या कायद्याने वर्षाला ४० शिलिंगांपेक्षा कमी उत्पन्नाची जमीन असणाऱ्यांना शिकारी कुत्रा, फेरेट किंवा जाळं बाळगायलाच बंदी केली. कसणाऱ्या कुळांना आपल्या शेतातले ससे मारायचा पक्का हक्क मिळाला तो १८८०मध्ये.

कुणी पुस्तकात 'पिलो माउंड' पाहून ते विचारतात. उशीच्या आकाराचे, साधारण १५ ते ४० मीटर लांब, बाजूने चर खणलेले मातीचे वरंबे: सशांना आयतं, भुसभुशीत घर. ते ब्रेकलँडमध्ये क्वचितच सापडतात, कारण इथली वाळू ससा स्वतःच सहज उकरतो. ते बघायचे तर नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूरवर, प्लिम नदीच्या खोऱ्यात जावं. तिथे स्टोटसारख्या ससेखाऊ जनावरांना पकडायचे दगडी सापळेही टिकून आहेत. मात्र तिथले सगळे वरंबे मध्ययुगीन नाहीत, अनेक नंतरचे आहेत.

या धंद्याने जमिनीचंही नुकसान केलं. ससे गवत मुळापर्यंत खातात, वाळू सुटी होते. १७व्या शतकात लेकनहीथकडून उडालेल्या वाळूने सँटन डाउनम गाव अर्धंअधिक गाडलं. तिथले रहिवासी थॉमस राइट यांनी १६६८मध्ये त्याचा वृत्तांत रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला पाठवला. आपण दुपारचा डबा खातो ते हेच गाव.

१५४०मध्ये थेटफर्डचा मठ बरखास्त झाला, मालक बदलले, ससे राहिले. जवळच्या ब्रँडनमध्ये त्यांच्या केसांपासून टोप्यांचं फेल्ट, म्हणजे केस दाबून केलेलं जाड कापड, बनवण्याचा उद्योग २०व्या शतकापर्यंत चालला. १९२२पासून सरकारी वनखात्याने इथे पाइन लावले आणि ससा रोपं कुरतडणारा शत्रू ठरला. १९५३मध्ये मिक्सोमॅटोसिस हा रोग ब्रिटनमध्ये आला आणि काही वर्षांत देशातले बहुतेक ससे मेले. आता गंमत अशी की इथल्या दुर्मिळ वनस्पतींना आखूड चरलेलं गवत आणि उकरलेली वाळू लागते, म्हणून निसर्गसंवर्धन करणारे सशांनी परत यावं यासाठी फांद्यांचे आणि मातीचे ढीग रचून देतात.

येताना लांब विजार आणि बंद बूट घाला. जंगलात गोचिडी आहेत, संध्याकाळी पाय तपासा. लॉज आपण बाहेरूनच बघतो. बांधावर चढू नका, त्याची माती वाळूसारखी सुटते. मुलांना ससा दिसेलच असं सांगून आणू नका. लेंड्या मात्र नक्की दिसतील.