बॅटरी भरली, वारा चालूच: डम्प लोड कुठून आला?

डम्प लोड म्हणजे बॅटरी भरल्यावर पवनचक्कीची जादा वीज उष्णतेत जाळणारा रेझिस्टर (विजेला अडवून तापणारा भाग). त्याची गरज का पडली, ते पाहू. जुलै १८८७. स्कॉटलंडमधल्या मेरीकर्क गावी जेम्स ब्लाइथ यांनी बागेत पवनचक्की उभारली, तिच्यावर बॅटऱ्या चार्ज केल्या आणि घरात दिवे लावले. त्याच सुमारास अमेरिकेत क्लीव्हलँडला चार्ल्स ब्रश यांची चक्की उभी राहिली: १७ मीटर व्यासाचं चाक, १४४ पाती, १२ किलोवॅटचा डायनॅमो (वीज तयार करणारं यंत्र) आणि तळघरात बॅटरीचे ४०८ सेल, ३४-३४च्या १२ संचांत. डायनॅमो ९० व्होल्टच्या वर जाऊ नये अशी स्वयंचलित सोय ब्रश यांनी केली होती. म्हणजे सेलमागे जास्तीत जास्त २.६५ व्होल्ट. शिसे-आम्ल सेलमध्ये २.४ व्होल्टच्या आसपास बुडबुडे सुटू लागतात आणि पाणी घटतं, म्हणून व्होल्टेज बेलगाम चढू देता येत नाही.

पुढे अमेरिकेच्या शेतवाड्यांवर ३२ व्होल्टची पद्धत रुळली: २ व्होल्टचे १६ सेल. जेकब्स बंधूंच्या तीन पात्यांच्या चक्क्या याच मापाच्या. १९३६च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर तारा शेतापर्यंत पोचल्या आणि या चक्क्या मागे पडल्या.

खरा बदल जनरेटरमध्ये झाला. जुन्या डायनॅमोत फील्ड कॉइल, म्हणजे करंटवर चुंबक बनणारं तारेचं वेटोळं, असे. तिचा करंट कमी केला की वीज कमी. आजच्या छोट्या चक्कीत कायमचे चुंबक असतात, त्यांचा जोर कमी करता येत नाही. सोलरचा साधा चार्ज कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारं उपकरण) लावला तर बॅटरी भरताच तो सर्किट तोडतो, चक्कीवरचा भार जातो, पाती बेफाम फिरतात आणि व्होल्टेज इतकं चढतं की कंट्रोलरच जळतो. म्हणून बॅटरी जोडलेलीच ठेवून जादा वीज रेझिस्टरमध्ये जाळायची. हाच डम्प लोड.

त्याचं माप हिशेबानं काढावं. १२ व्होल्टच्या बँकेवर (बॅटऱ्यांच्या संचावर) ५०० वॅटची चक्की १४.४ व्होल्टला सुमारे ३५ अँपिअर देते. ०.३३ ओहमचा रेझिस्टर त्याच व्होल्टेजला ४४ अँपिअर, म्हणजे जवळजवळ ६३० वॅट ओढतो. एवढी सवड हवीच. तो खूप तापतो, म्हणून लाकडापासून आणि बॅटरीपासून लांब बसवावा. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

उलट बाजूचं दुखणं मंद वाऱ्याचं. आठवडाभर बँक अर्धवटच भरली तर प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि जड आम्ल तळाशी साचतं. अशा वेळी दुसऱ्या चार्जरनं सेलमागे २.५ ते २.६ व्होल्टवर इक्वलाइझ करावं, म्हणजे मुद्दाम जास्त चार्ज करून सगळे सेल सारखे आणावेत, आणि दर तासाला हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारं साधन) लावावा. सगळ्या सेलची घनता वाढायची थांबली की चार्जर बंद. डिस्टिल्ड वॉटर त्यानंतर घालावं. आधी काठोकाठ भरलं तर आम्ल उतू जातं. सीलबंद बॅटरीला हा उपाय करू नये.

दुरुस्तीला हात घालताना, वारा पडलेला असताना, आधी चक्कीच्या तिन्ही तारा ब्रेक स्विचनं शॉर्ट कराव्यात, म्हणजे एकमेकींना जोडाव्यात, त्यानं चक्की अडते. बॅटरीची तार त्यानंतर सोडावी.