लिंबू-मिरची, शॉकअप आणि चोर्ल्याचा घाट

बेळगावातल्या माझ्या एका मित्रानं निवृत्तीनंतर जुन्या प्रवासी व्हॅनची घरगाडी करून घेतली. मागे पलंग, शेगडी, शंभर लिटरची पाण्याची टाकी, दोन बॅटऱ्या. पहिली सफर जांबोटी-कणकुंबीमार्गे गोव्याला. चोर्ल्याच्या वळणांवर वहिनींनी डोळे उघडलेच नाहीत. लोणच्याची बरणी मात्र उघडली. परत आल्यावर गॅरेजवाला म्हणाला, "सर, शॉकअपना वजन झेपेना झालंय. गॅसचे घाला, हवेवर तरंगल्यागत जाईल गाडी."

एका दमात दोन गैरसमज. शॉकअप वजन पेलतच नाही. वजन पेलतात पाटे किंवा स्प्रिंगा. उभ्या गाडीचे शॉकअप सोडवून ठेवले, तरी गाडी जवळजवळ तेवढ्याच उंचीवर राहते. आणि गॅसच्या शॉकअपमधला नायट्रोजन गाडी तरंगवायला नसतो. आतल्या तेलावर दाब ठेवून त्याचा फेस होऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. फेसाळलेलं तेल धक्का अडवत नाही, नुसतं दबतं.

मग शॉकअप करतो काय? त्यासाठी गाडीपुढं लटकणारी लिंबू-मिरची बघू. तिनं दृष्ट टळते असं मी मानत नाही, पण तिचा एक उपयोग मला सापडलाय. वजनानं स्प्रिंग जितकी खाली बसते, तेवढ्याच लांबीचा लंबक घेतला तर त्याचा झोका आणि गाडीचं हेलकावणं एकाच तालात चालतं! दोन्हीकडं गणित तेच. सेंटिमीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ काढायचं आणि ५ ला त्यानं भागायचं: सेकंदाला किती हेलकावे ते मिळतं. स्प्रिंग २५ सेंटिमीटर बसली तर सेकंदाला १, ९ सेंटिमीटर बसली तर सुमारे १.७. आपल्या चालण्याचा ठेकाही साधारण याच पट्ट्यात पडतो, म्हणून असं संथ हलणं शरीराला सोसतं. पोटाला खरा त्रास देतात ते सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारे उभे हादरे.

पण लिंबू एकदा हललं की हलतच राहतं. गाडीचंही तसंच होईल, कारण स्प्रिंग ऊर्जा खात नाही, उधार ठेवते आणि परत करते. ती उधारी बुडवणारा तो शॉकअप. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि त्यांवर पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा. दट्ट्या सावकाश सरकला तर तेल भोकांतून निमूट जातं. जोरात सरकला तर चकत्या वाकून वाट मोठी करतात. या घुसमटीत हालचालीची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपजवळ हात नेऊन पाहा (चिकटवू नका, भाजेल). चारांतला एकच थंड असेल, तर बहुधा तोच मेलेला.

या अडवण्याचं माप म्हणजे अवमंदन गुणोत्तर. ते ०.३ असेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्याच्या सुमारे सातव्या हिश्शावर येतो, ०.१ असेल तर निम्म्याहून थोडा जास्तच उरतो. स्प्रिंग आणि शॉकअप तेच ठेवून वजन वाढवलं, की हे गुणोत्तर वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. मागच्या चाकांवर १,६०० किलोंचे २,२५० झाले, तर ०.३ चं होतं ०.२५.

मग शॉकअप कडकच का नको? इथं निसर्ग हिशेब चुकता करतो. गाडीच्या स्वतःच्या तालाच्या √२ पटीपर्यंतचे हादरे कडक शॉकअप कमी करतो. त्यापलीकडचे जलद हादरे तो उलट जास्त आत पोचवतो. म्हणजे घाटातलं डोलणं थांबेल, पण खडीवर भांडी वाजतील. हे वाक्य पुन्हा वाचावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नका, मलाही लागलं होतं.

म्हणून आधी टाकी भरून, माणसं बसवून वजनकाट्यावर जा. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोला. टायरमधली हवा त्या वजनाप्रमाणं ठेवा, कारण टायर हीसुद्धा स्प्रिंगच. कधीकधी एवढ्यानंच निम्मी तक्रार मिटते. त्यानंतर त्या वजनाला साजेसा शॉकअप निवडा, जमल्यास कडकपणा बदलता येणारा. काहींना बाहेरून फिरवायचा खटका असतो. काही काढून, पूर्ण दाबून, मग फिरवावे लागतात. बहुधा त्यातून बदलतो तो उसळीचा विरोध, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडतानाचा. तो दाबण्याच्या विरोधापेक्षा मुळातच जास्त ठेवलेला असतो, कारण खड्ड्याच्या काठावर चाकाला चटकन वर जाऊ द्यायचं असतं आणि त्यानंतरची उसळी धरायची असते. पण तो फार कसला, तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि गाडी बसत बसत जाते.

सर्वांत मऊ ठिकाणापासून सुरुवात करायची, एका वेळी एकच आस (म्हणजे पुढची किंवा मागची चाकांची जोडी), दोन्ही बाजूंना सारखंच, आणि दर वेळी रस्ता तोच. मित्रानं यासाठी जांबोटीचा रस्ता धरला. मागची जोडी दोनदा अर्धा-अर्धा फेरा कसली. तिसऱ्यांदा कसली तेव्हा भांडी वाजली, म्हणून परत सोडली. बरणी आता जागची हलत नाही. लिंबू-मिरची अजून लटकतेय. ती वहिनींनी बांधलीय, त्यामुळं लांबी मोजायलाही सोडवता येत नाही.