बेरीज जुळली, व्याज जुळेना

समजा, एका कारखानदाराला खेळत्या भांडवलासाठी नव्या बँकेकडून कर्ज हवंय. जुन्या बँकेतल्या कॅश क्रेडिट खात्याचं, म्हणजे मर्यादेत लागेल तशी उचल करायची आणि जमेल तशी भरायची अशा कर्जखात्याचं, स्टेटमेंट तो अर्जाला जोडतो, पण आधी पीडीएफमध्ये हात मारतो. २१ मार्चची ८०,००० रुपयांची जमा ८,८०,००० होते. फक्त एक आठ वाढला! पण त्यामुळे खालची प्रत्येक शिल्लक आठ लाखांनी चुकते. गडी हुशार असेल तर त्याही बदलतो. एक्सेलमध्ये ते चुटकीसरशी होतं. गोची होते व्याजात. कॅश क्रेडिटचं व्याज रोजच्या उचलीवर मोजून महिनाअखेर नावे पडतं. उचल आठ लाखांनी कमी दिसतेय, तर साडेदहा टक्क्यांनी दहा दिवसांत सुमारे २,३०० रुपये व्याज वाचायला हवं होतं. स्टेटमेंटवर मात्र जुनाच आकडा. तपासणारं सॉफ्टवेअर हे गणित पुन्हा मांडून बघतं. रविवारी क्लिअरिंगमधून वटलेला चेकही त्याला खटकतो.

बिलंच मनाने रचली असतील तर? जीएसटी क्रमांकाचं पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवरून गणितानं ठरतं, त्यामुळे ठोकून दिलेला क्रमांक बहुधा तिथेच अडकतो. रकमांची गोष्ट जास्त मजेची आहे. १८८१ मध्ये सायमन न्यूकम या खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की लॉगॅरिदमच्या, म्हणजे किचकट आकडेमोडीसाठी वापरायच्या कोष्टकांच्या, पुस्तकाची सुरुवातीची पानं जास्त मळलेली असतात. म्हणजे १ ने सुरू होणारे आकडे लोकांना जास्त लागतात. १९३८ मध्ये फ्रँक बेन्फर्डने वीस हजारांवर आकडे गोळा करून हेच दाखवलं. आकड्यांचा पसारा मोठा असेल तर सुमारे ३० टक्के रकमा १ ने सुरू होतात, ९ ने जेमतेम साडेचार टक्के. कारण साधं आहे: एक लाखाचे दोन लाख व्हायला धंदा दुप्पट व्हावा लागतो, नवाचे दहा व्हायला ११ टक्के वाढ पुरते. साहजिकच आकडे १ च्या घरात जास्त रेंगाळतात. मनाने रकमा लिहिणारा माणूस मात्र सगळ्या अंकांना सारखा न्याय द्यायला बघतो.

यावरून लगेच कुणाला चोर ठरवू नये. सगळा माल ४९९ ला विकणाऱ्या प्रामाणिक दुकानदाराची बिलंही या नियमात बसणार नाहीत.

२०२१ पासून अकाउंट अ‍ॅग्रिगेटर या माहिती पोचवणाऱ्या मध्यस्थामुळे, ग्राहकाच्या संमतीने, स्टेटमेंट एका बँकेकडून दुसरीकडे परस्पर जाऊ शकतं. तिथे पीडीएफ रंगवायला वावच नाही. मग खरेच व्यवहार करून खोटी उलाढाल उभी करतात. अ ने ब ला एक कोटीचा माल विकला, ब ने क ला, क ने परत अ ला. पैसे फिरले, विवरणपत्रं भरली, तीन कोटींची विक्री झाली आणि खिळासुद्धा जागचा हलला नाही. सुटं बघितलं तर यातला एकही कागद खोटा वाटत नाही. म्हणून संगणक प्रत्येक फर्मचा एक ठिपका काढतो, विक्रीच्या बाणांनी ठिपके जोडतो आणि बाण फिरून कुठे मूळ ठिपक्यावर येतात ते शोधतो. त्यात तिन्ही फर्मचा मोबाइल नंबर एकच निघाला, तर बघायलाच नको.

मालवाहतुकीच्या नोंदीही बोलतात. बिहारच्या चारा घोटाळ्यात वाहनांचे क्रमांक पडताळले, तेव्हा त्यांत चक्क स्कूटर निघाल्या होत्या!

संगणक फाइल बाजूला काढतो, तेवढंच. पुढे बँकेचा माणूस गाळ्यावर जातो आणि तीन पाळ्या चालणाऱ्या म्हणे त्या कारखान्याचं वीजबिल मागतो.