उंदराच्या वाटीत काय वाढायचं?

पाळीव उंदराला, म्हणजे रॅटला, ओकता येत नाही. एकदा गिळलेलं विष परत बाहेर काढायची सोय त्याच्या शरीरात नाही. त्यामुळे नवा पदार्थ दिसला की तो आधी हुंगतो, जरासा कुरतडतो आणि थांबतो. पोटात काही बिघडलं, तर त्या चवीच्या वाटेला पुन्हा जात नाही. बेनेट गॅलेफ या कॅनडातल्या संशोधकाने तर दाखवून दिलं, की सोबत्याच्या श्वासाला येणाऱ्या वासावरूनही उंदीर काय खायचं ते शिकतो.

एवढा चोखंदळ प्राणी आपला आहार आपणच नीट निवडेल, असं वाटणं साहजिक आहे. पण त्याची ही हुशारी विषापुरती आहे. १९७६ साली अमेरिकेत अँथनी स्क्लाफनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांपुढे चॉकलेट, बिस्किटं, चीज, सलामी असं दुकानातलं खाणं ठेवलं. उंदीर भराभर लठ्ठ झाले. गोड आणि तेलकट खाण्यापुढे त्यांचा संयम टिकत नाही.

बाजारातल्या रंगीबेरंगी मिक्समध्ये नेमकं हेच होतं. उंदीर सूर्यफुलाच्या बिया वेचून खातो आणि कडधान्यांचे, पेलेटचे (सगळे घटक एकत्र दळून, दाबून केलेल्या गोळ्यांचे) तुकडे तसेच ठेवतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की मुख्य अन्न एकसारख्या पेलेटचंच असावं. त्यात निवडायला काही उरतच नाही. पाकिटावरचे आकडे जरूर वाचा. प्रौढ उंदराला साधारण १४ ते १६ टक्के प्रथिनं आणि ४-५ टक्के स्निग्धांश पुरतात. वाढत्या पिल्लांना प्रथिनं जास्त लागतात. प्रौढ उंदीर दिवसाला अंदाजे १५ ते २० ग्रॅम खातो. वाटी रिकामी दिसली म्हणून लगेच भरू नका. आधी कोपऱ्यातलं अंथरूण उचलून पाहा, बराचसा साठा तिथेच असतो.

जोडीला गाजर, कोबी, बिनमिठाची शिजवलेली मुगाची डाळ, कधीतरी उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा. फरसाण, चिवडा नको. कच्चा राजमा तर मुळीच नको, त्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन आतड्याला इजा करतं.

संत्र्याच्या सालीची गोष्ट मात्र वेगळी आहे. सालीत लिमोनीन नावाचं सुवासिक द्रव्य असतं. नर उंदराच्या यकृतात एक खास प्रथिन तयार होतं. लिमोनीनपासून शरीरात बनणारा पदार्थ त्याला चिकटला, की ते मूत्रपिंडात साचत जातं, पेशी मरतात आणि पुढे गाठीही होऊ शकतात. मादीमध्ये हे प्रथिन जवळजवळ नसतं, माणसातही असं काही घडत नाही. म्हणून नराला साल देऊच नये.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. वजन एकदम घटलं, तर पुढचे दात वाकडे वाढलेत का ते पाहा, कारण ते आयुष्यभर वाढत राहतात. म्हाताऱ्या उंदराला पेलेट कोमट पाण्यात भिजवून द्या, आणि दात ठीक असूनही वजन उतरत असेल तर पशुवैद्याकडे न्या.